काठीने धरलेला पाय

एस्मी लेझामाला खेळ या शब्दाचीच चीड होती, आणि त्रिनिदादसारख्या बेटावर राहून अशी चीड बाळगणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. तिचा बाप ग्रँडी गावच्या क्रिकेट संघाचा यष्टिरक्षक होता. दोन्ही भाऊ फुटबॉलसाठी जीव टाकायचे. शाळेत नेटबॉलच्या बाई मुलींना दोन संघांत वाटायच्या, तेव्हा एस्मी सगळ्यांत शेवटी उरायची. "एस्मीला तुम्ही घ्या." "आम्ही का? मागच्या खेपेला आम्हीच घेतली होती." दोन्ही बाजूंचं हे भांडण ती मधोमध उभी राहून ऐकायची. शिट्टी वाजली की ती मैदानाच्या कडेला सरकायची. चौदाव्या वर्षी तिने पोटदुखीचं कायमचं निमित्त काढलं आणि शिवणाच्या वर्गात जाऊन बसली. तिथून ती पुढची अडतीस वर्षं उठलीच नाही म्हटलं तरी चालेल.

बावन्नाव्या वर्षी ग्रँडीतल्या निम्म्या शाळांचे गणवेश तिच्या यंत्राखालून जात होते. नवरा टोबॅगोला कामाला गेला तो तिथलाच होऊन बसला होता. घरात ती आणि तिची मुलगी जोसेल, जी बाजारातल्या औषधाच्या दुकानात काम करायची आणि आईशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायची.

मग एस्मीला शुगर निघाली. त्या घरात शुगर हा शब्द हळू आवाजात उच्चारायची रीत होती, कारण एस्मीच्या आईचा पाय शुगरने नेला होता. मायारोच्या किनाऱ्यावर टाचेला शिंपल्याची चीर पडली, एवढंच निमित्त. तीन आठवड्यांत अंगठा गेला, वर्ष उलटायच्या आत गुडघ्याखालचा पाय. शेवटची सहा वर्षं एस्मीने तिला उचलून न्हाणीत नेलं होतं. त्यामुळे डॉक्टर म्हणाला, "रोज अंग हलवा, घाम येऊ द्या, नाहीतर पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे," तेव्हा तिला पुढचं खरोखरच ठाऊक होतं.

पण हलवायचं कसं? गावच्या मैदानाला फेऱ्या मारून पाहिल्या. तिसऱ्या फेरीला कंटाळ्याने जांभया यायला लागल्या. समाजमंदिरात बायका गाण्यावर उड्या मारायच्या, तिथे गेली तर शिकवणारी पोरगी गळ्यात शिट्टी घालून उभी. एस्मी दारातूनच परत फिरली. भाऊ म्हणाला, "चल, आमच्या वयस्कर क्रिकेटमध्ये ये, धावा मोजायला तरी." ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. कारल्याचा रस तेवढा नेमाने पीत राहिली, आणि शुगर काही हटली नाही.

हॉलिस क्वाशी तिच्याकडे आला तो विजारी शिवून घ्यायला. हा साठीचा, काटकुळा, मिठासारखं मोजूनमापून बोलणारा माणूस कोको वाळवायच्या जुन्या खोपीमागच्या अंगणात लोकांना मोको जंबी व्हायला शिकवायचा. म्हणजे पायाला उंच काठ्या बांधून चालायला. नऊ जणांच्या लांबच लांब विजारी हव्या होत्या, काठ्या झाकून जमिनीपर्यंत पोचतील अशा.

"मापं?" एस्मीने विचारलं.

"मापं काठ्यांवर असतानाच घ्यावी लागतात. खाली उतरल्यावर ही माणसं वेगळी असतात," हॉलिस म्हणाला.

म्हणून ती फीत घेऊन तिथे गेली. त्या अंगणात उंच कट्ट्यावर पाण्याची टाकी होती. त्याच कट्ट्यावर बसून लोक काठ्या बांधून घ्यायचे आणि सोडवायचे. एस्मी तिथे चढून एकेकाच्या कमरेला फीत लावू लागली. वरून तिला रोटीच्या दुकानाचं छप्पर दिसलं, चर्चची घंटा दिसली, आणि तिच्या समोरून तिच्याच वयाची एक बाई काठ्यांवरून टकटक करत, कोणाशी शर्यत न लावता, आपल्याच नादात निघून गेली.

"इथे हरतं कोण?" तिने हॉलिसला विचारलं.

"कोणी हरत नाही. पडतात मात्र सगळे."

"आणि संघ पाडता का?"

"कसले संघ?"

एस्मीने फीत गुंडाळली आणि म्हणाली, "मला बांधा."

हॉलिसने तिला आपादमस्तक न्याहाळलं. शिवणयंत्रापुढे बसून बसून तिचं अंग चांगलंच भरलं होतं. पण त्याने त्यावर चकार शब्द काढला नाही. त्याने फक्त विचारलं, "गुडघे? पाठ? चक्कर? शुगर?"

"का? शुगरचं काय?"

"शुगरवाल्याला मी काठी बांधत नाही. एकदा बांधली होती, त्याचं बोट गेलं. पुन्हा नाही."

"नाही," एस्मी म्हणाली. "मला काही नाही."

आयुष्यात पहिल्यांदा जी गोष्ट करावीशी वाटली तिच्या दारातच खोटं बोलावं लागलं, याचं तिला वाईट वाटलं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिने ते गिळून टाकलं.

पहिले चार महिने नुसते हाल होते. काठीच्या फळीवर बूट खिळ्यांनी ठोकलेले असत. त्यात पाय घालायचा, मग जुन्या चादरींच्या पट्ट्यांनी पोटरी लाकडाला आवळायची. पट्टी सैल राहिली तर माणूस कोसळतो, आवळली तर रक्त अडतं. पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या, तळव्यांची आग आग व्हायची. उभं राहता येत नाही हे तिला तेव्हा कळलं. काठीवर जो थांबला तो पडला. तोल हवा तर पाय हलते ठेवायचे, पाण्यात उभ्याने तरंगताना हलवतात तसे, जागच्या जागी. नजर समोर ठेवायची आणि खाली कधीच बघायचं नाही.

तिच्यासोबत खाली चालायची सुमिन्त्रा, बाजारात भाजी विकणारी तिची जुनी मैत्रीण. प्रत्येक शिकणाऱ्यासोबत एक जण खाली लागतोच, आणि सुमिन्त्राला उंचीची भीती होती.

"अगं पोरी, तू पडलीस तर मी झेलायचं म्हणजे काय? चपटी होईन मी," ती ओरडायची.

"मग बाजूला हो ना, सटवे!"

"बाजूला झाले तर तुझी शिव्या द्यायची हौस कोण भागवणार?"

एस्मी अकरा वेळा पडली. आणि प्रत्येक वेळी हसत उठली, ही गोष्ट ग्रँडीत कोणाला सांगितली तर पटली नसती. तिसऱ्या महिन्यात तिची शुगर खाली आली. डॉक्टर कागद बघून खूश झाला. "काय करता हो?" "चालते," ती म्हणाली. किती उंचावरून, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

जोसेलला मात्र कळायचं ते कळलंच. औषधाच्या दुकानात सगळ्या गावाच्या बातम्या येतात.

"मम्मी, तू पायाला लाकूड बांधतेस? तू? आजीचा पाय विसरलीस?"

"विसरले नाही म्हणूनच चालतेय. आकडे बघ माझे."

"आकडे बघितले. आता पाय दाखव."

"जोसेल, मी तुझी आई आहे, गिऱ्हाईक नाही."

"गिऱ्हाईक असतीस तर मी एवढी भ्यायले नसते," जोसेल म्हणाली. मग असं ठरलं की रोज संध्याकाळी पाय धुऊन जोसेलला दाखवायचे. महिनाभर ते चाललंही. पुढे जुलै उजाडला, शाळा उघडायच्या आधीची गणवेशांची गर्दी सुरू झाली, आणि एस्मीला पाय दाखवायला वेळ मिळेनासा झाला. जोसेल विचारायची, "आज?" एस्मी म्हणायची, "उद्या." आईच्या उद्याला मुलीने किती दिवस धरून बसायचं?

त्याच जुलैत एस्मीचे पाय दुखायचे थांबले.

तिने ते आधी कोणाला सांगितलं नाही. एक दिवस काठ्या सोडवून घेताना हॉलिसने नेहमीप्रमाणे विचारलं, "आग होतेय?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही. आठ दिवस झाले, काहीच होत नाही."

हॉलिसने हातातली पट्टी खाली ठेवली. मग त्याने अंगणातल्या सगळ्यांना हाक मारली. "ऐका रे! हिला काठीने धरलं!"

त्या अंगणात हा शब्द सहज कोणी वापरत नसे. शिकणाऱ्याचे पाय वर्ष, दोन वर्षं दुखतात. मग एक दिवस दुखणं जातं, पाय पिकतो, आणि म्हणतात की काठीने आता तुझा पाय धरला, आता ती तुला टाकणार नाही. हॉलिसच्या गुरूनेही हेच सांगितलं होतं आणि त्याच्या गुरूच्या गुरूनेही. एस्मीला सहा महिन्यांतच धरलं म्हणून लोक टाळ्या वाजवू लागले. हॉलिसने खोपीतून रमची बाटली आणली आणि तिच्या दोन्ही पावलांवर एकेक धार सोडली. ती रम थंड होती की नाही, हेही एस्मीला नीटसं समजलं नाही. पण शाळेत जिला कोणी घेत नव्हतं तिला चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती, आणि अशा वेळी माणूस रमची थंडी मोजत बसत नाही.

"एक ऑगस्टच्या मिरवणुकीत तू चालायचं," हॉलिस म्हणाला. "चार फुटी काठ्यांवर."

मनात कुठेतरी एक शंका होती, खोटं कशाला बोला. पण तिने ती शंका गणवेशांच्या ढिगाखाली सारून दिली.

एक ऑगस्ट, गुलामगिरी संपल्याचा मुक्तिदिन. सकाळी दहालाच डांबर तापलं होतं. मालमोटारीच्या हौद्यावर बसून नऊ जणांनी काठ्या बांधल्या. एस्मीने स्वतःच शिवलेली पिवळी विजार चढवली. हॉलिस एकेकाचा बूट दाबत येत होता.

"मुंग्या?"

"नाही."

"आवळलंय का?"

"छान आहे."

दोन्ही उत्तरं खरी होती. तिला मुंग्या येत नव्हत्या, आणि तिला काहीच आवळलेलं जाणवत नव्हतं.

ढोल सुरू झाले. बाजाराच्या कोपऱ्यापासून मैदानापर्यंत मैलभर रस्ता, दोन्ही बाजूंना गर्दी. एस्मी हौद्यावरून उठली आणि चालू लागली. तारा चुकवायला मान वाकवत, पत्र्यांच्या कडेने, वरच्या मजल्यावरच्या बायकांच्या डोळ्याला डोळा भिडवत. कोणीतरी ओरडलं, "अरे, ती गणवेशवाली एस्मी मावशी!" तिने हात हलवला. शिट्टी नव्हती, गुण नव्हते, कोणाला मागे टाकायचं नव्हतं. इतकं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं. तिने ढोलावर दोन उड्या मारल्या, मग आणखी दोन. डांबरावर काठ्या ठाणठाण आपटल्या, लोक खुळावले, म्हणून तिने पुन्हा मारल्या.

अर्धा रस्ता संपला तेव्हा खालून सुमिन्त्राची हाक आली. "एस्मी!"

"काय?"

"अगं, तुझी विजार ओली झालीय. उजव्या बाजूला."

"घाम असेल."

"लाल घाम असतो होय?"

चार फुटी काठीवर चालणाऱ्याचं पाऊल खालच्या माणसाच्या छातीच्या उंचीवर येतं. सुमिन्त्रा जे बघत होती ते तिच्या हाताच्या अंतरावर होतं. पिवळ्या कापडावर तळहाताएवढा डाग होता, आणि तो वाढत होता.

"रक्त आहे गं! काय लागलंय तुला? केवढं दुखत असेल!"

"काही दुखत नाही," एस्मी म्हणाली. "अजिबात नाही."

"दुखत नाही? एवढं रक्त येतंय आणि दुखत नाही?"

सुमिन्त्राने भाबडेपणानेच विचारलं होतं. पण एस्मीच्या कानात तो प्रश्न अडकून राहिला. तिची आईही असंच म्हणाली होती. टाचेची जखम हिरवी पडली होती, आणि आई खुर्चीत बसून सांगत होती, काळजी करू नको, आता मुळीच दुखत नाही. काठीने पाय धरला नव्हता. पाय सोडून गेला होता. तिने ते ओळखायला हवं होतं, साऱ्या अंगणात तिनेच एकटीने. आणि तिने टाळ्या घेतल्या होत्या.

तिने खाली बघितलं.

नाही बघायचं, हा पहिला धडा असतो. बघताक्षणी रस्ता गरकन फिरला, ती डावीकडे झुकली, गर्दीतून किंकाळी उठली. दोन पावलं आडवी पडली आणि कशीबशी ती सावरली. पण आता पंचाईत अशी झाली की उजव्या पायावर तिचा विश्वासच उरला नव्हता. आतापर्यंत ती चालत होती कारण काठी जमिनीला टेकली असं ती धरून चालत होती. आता टेकली की नाही हे कळेना. थांबावं तर पडणार. बसावं तर मालमोटार मागे बाजाराच्या कोपऱ्यावर राहिलेली, आणि आसपास उंच असं काही नाही, सगळी बसकी दुकानं आणि पत्र्याची छपरं. ती जागच्या जागी पाय हलवत राहिली, आणि प्रत्येक हलण्यासरशी तो डाग पसरत गेला.

सुमिन्त्रा धावत जाऊन हॉलिसला घेऊन आली. तो त्या दिवशी खालीच होता. त्याने विजारीच्या शिवणीला हात घालून ती टरकन फाडली, बूट बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तळातून खिळा वर आलाय," तो म्हणाला. "उड्यांनी. एस्मी, तुला समजलं नाही?"

"नाही."

"आता तरी समजतंय?"

"नाही, हॉलिस."

त्याने वर बघितलं, तिने खाली. त्या एका नजरेत त्याला जे कळायचं ते कळलं असावं, पण ती विचारायची वेळ नव्हती.

"पडू का मी?" तिने विचारलं. पडायचं कसं ते तिला येत होतं, गुडघे पुढे टाकून. "तुम्ही सगळे झेला."

"पडलीस तर सगळा भार त्याच खिळ्यावर येईल. पाय फाटेल. नाही, पडायचं नाही." हॉलिसने पुढे नजर टाकली. "ती बेकरी दिसते? तिच्या दाराच्या वर सिमेंटचा सज्जा आहे. तिथे बसता येईल. सत्तर पावलं."

"मला पाऊल टेकलेलं कळत नाही."

"डाव्या पायाचं कळतं?"

"थोडं थोडं."

"आणि उजव्याचं ऐकू येईल?"

एस्मीला प्रश्नच उमगला नाही. हॉलिस मागे वळला, दोन्ही हात वर करून ढोलवाल्यांकडे धावत गेला. "बंद करा! ढोल बंद!"

"काका, आज? मुक्तिदिनाला ढोल बंद?" एक तरणा ढोलवाला चिडून म्हणाला. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"तिला तिची काठी ऐकू आली पाहिजे. बंद म्हणतो ना!"

ढोल थांबले. मागचे लोक आरडाओरडा करू लागले, काय झालं, कोण मेलं. मग पुढचे मागच्यांना गप्प करत गेले, आणि बघता बघता त्या सगळ्या रस्त्यावर शांतता पसरली. कुठेतरी एक तान्हं मूल रडत होतं, तेही कोणीतरी छातीशी धरून आत नेलं.

"चल," हॉलिस म्हणाला. "उजवी टेकव. टक ऐकू आलं की मगच भार दे."

टक. तिने भार दिला. डावा पाय. पुन्हा उजवा, टक. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तोलासाठी पसरलेला हात तो पुसायला आणता येत नव्हता. दहा पावलं झाली. हॉलिस खालून मोजत होता. तिला वाटलं, खाली बूटभर रक्त साचलं असेल आणि आपण त्यात उभ्या आहोत, आणि आपल्याला त्याचा ओलावादेखील कळत नाही. वीस. मध्येच आवाज वेगळा आला, बोदा, आणि ती तशीच अर्धवट थांबली.

"मेणकापडाची पिशवी आहे," सुमिन्त्रा रडत रडत ओरडली. "थांब, नको टेकू, काढते!" ती चार पायांवर रांगत काठीखाली गेली. एस्मीचा डावा पाय एकट्याने थरथरत जागच्या जागी उड्या मारत होता. "काढली! टेक!"

टक.

चाळीस. पन्नास. गर्दीतले लोक आता तिच्यासोबत ओठांतल्या ओठांत मोजत होते. जोसेल औषधाच्या दुकानातून धावत आली ती इथेच, पांढऱ्या डगल्यातच. तिने आईकडे बघितलं, रक्ताकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि हॉलिसने बोट ओठांवर ठेवताच ते तसंच मिटून घेतलं. ती उलट पावली आईच्या पुढे चालू लागली, हात अर्धे वर धरून, जसं चालायला शिकणाऱ्या मुलापुढे आई चालते.

अडुसष्ट. एकोणसत्तर. बेकरीवाल्याने वरच्या खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले होते. एस्मीने ते धरले, गर्रकन फिरली आणि सज्ज्यावर बसली. खाली एकदम ओरडा झाला. ढोल सुरू झाले. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही, कारण शिडी लावून हॉलिस वर आला होता आणि तिच्या पट्ट्या सुरीने कापत होता.

बूट निघाला. खिळा तळव्यात बोटाच्या पेराएवढा शिरला होता, अंगठ्याच्या मागच्या मांसात. हॉलिसने मान वर करून विचारलं.

"शुगर आहे?"

"आहे."

"पहिल्या दिवसापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

ती शिव्या खायला तयार होती. हक्कच होता त्याचा. पण हॉलिस शिडीवर तसाच उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी ह्या पायावर रम ओतली. टाळ्या वाजवायला लावल्या लोकांना." मग त्याने आपल्या अंगातला सदरा काढून तिच्या पावलाला गुंडाळला, आणि बेकरीच्या खिडकीतून सज्ज्यावर आलेल्या जोसेलने गाठ मारली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती, वागायला सरळ. तिने खिळा काढला. घोट्यावर बोटं ठेवून नाडी बघितली आणि म्हणाली, "रक्त पोचतंय. ही चांगली गोष्ट आहे. आता तळव्यात किती जीव आहे ते बघू. डोळे मिटा. मी नायलॉनच्या ह्या बारीक, ताठ दोऱ्याने टोचेन. कळलं की 'हो' म्हणा."

एस्मीने डोळे मिटले. तिला फक्त आईची ती खुर्ची दिसत होती.

"हो," ती म्हणाली.

तिने मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"हो. हो."

"मम्मी," जोसेल म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, "त्यांनी अजून दोरा लावलाच नाहीये."

मग खरी परीक्षा सुरू झाली. डाव्या पायाला दहापैकी सहा ठिकाणी कळलं. उजव्याला दोरा अंगठ्यावर गेला, टाचेवर गेला, मधल्या बोटांवर गेला. सुमिन्त्रा बिछान्याच्या कडेला उभी होती. दारात हॉलिस उघड्या अंगाने उभा होता. पाच झाले, सहा झाले, सात झाले, आणि एस्मीच्या तोंडून शब्द निघाला नाही. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी वाहायला लागलं.

"राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आधी जखम धुते. खोल आहे, आतून खरवडून धुवावी लागेल. घट्ट धरा काहीतरी." आणि तिने औषधात बुडवलेला चिमटा जखमेत घातला.

"आई गं!" एस्मी एवढ्या जोरात किंचाळली की बाहेर रांगेत बसलेली माणसं उठून उभी राहिली. "अगं बाई, मेले! जळलं! काढ तो, काढ!"

डॉक्टरीणबाई थांबली. "दुखलं?"

एस्मीने डोळे उघडले. तिने आपल्या पायाकडे बघितलं, मग जोसेलकडे. जोसेल दोन्ही हात तोंडावर दाबून रडत होती, आणि रडता रडता हसत होती.

"दुखलं," एस्मी म्हणाली. तिने बिछान्याची कड दोन्ही हातांनी पकडली आणि पाय पुढे केला. "बाई, तो चिमटा पुन्हा एकदा लावा."